धूरबंदी भागात लाकडाचा स्टोव्ह निवडताना

लंडनच्या हॅरो, हाउन्स्लो, ईलिंगसारख्या उपनगरात जुनं घर घेतलं की दिवाणखान्यात बहुधा विटांची एक बंद पडलेली शेकोटी मिळते आणि छपरावर तिचं धुराडं. पहिल्या हिवाळ्याचं गॅसचं बिल हातात पडलं की त्या कोनाड्यात लाकडाचा स्टोव्ह बसवावा असं वाटू लागतं. हा स्टोव्ह म्हणजे आपला रॉकेलचा, पंप मारायचा स्टोव्ह नव्हे. ही ओतीव लोखंडाची किंवा जाड पत्र्याची, काचेच्या दाराची बंद पेटी असते. तिच्यावर रांधायचं नसतं, तिने खोली ऊबदार ठेवायची असते.

दुकानात गेल्यावर ‘डेफ्रा एक्झेम्प्ट’, ‘इकोडिझाइन’, ‘क्लिअरस्काइज’ अशी लेबलं समोर येतात आणि सगळी एकच गोष्ट सांगतात असा समज होतो. तसं नाही. शिवाय ही तिन्ही लेबलं मिरवणारा स्टोव्हसुद्धा ओलं लाकूड घातलं, खोलीच्या मानाने मोठा घेतला किंवा धुराड्याला ओढ नसली की शेजाऱ्याच्या खिडकीत धूर सोडतो. म्हणून लेबलं समजून घ्यायचीच, पण सगळा भर त्यांच्यावर ठेवायचा नाही. पुढे दिलेले कायद्याचे आकडे इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये नियमांत फरक आहेत, तिथे राहत असाल तर आपल्या कौन्सिलकडे विचारावं.

धूरबंदी भाग म्हणजे काय

1952 च्या 5 ते 9 डिसेंबरला लंडनवर धुक्याची आणि कोळशाच्या धुराची गोधडी बसली. त्या धुराने सुमारे 4,000 माणसं गेली असा तेव्हाचा अंदाज होता, नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा 12,000 पर्यंत नेला. त्यातून 1956 चा स्वच्छ हवा कायदा आला आणि कौन्सिलांना ‘स्मोक कंट्रोल एरिया’ ठरवण्याचा अधिकार मिळाला. आज लागू आहे तो 1993 चा कायदा, त्यात 2021 च्या पर्यावरण कायद्याने दुरुस्ती केली आहे. लंडनचा बहुतेक भाग आणि बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्ससारख्या शहरांचा मोठा भाग या क्षेत्रात येतो. आपलं घर येतं का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर पत्ता किंवा पोस्टकोड घालून पाहता येतं. घर घ्यायच्या आधीच पाहिलेलं बरं.

या क्षेत्रात घराच्या धुराड्यातून धूर निघाला तर कौन्सिल 175 ते 300 पौंडांपर्यंत दंड करू शकते. पूर्वी यासाठी कोर्टात जावं लागे, आता कौन्सिल स्वतःच नोटीस काढते. ‘सवलत’, म्हणजे कायद्याने दिलेली मुभा, नसलेल्या शेगडीसाठी मान्यता नसलेलं इंधन विकत घेतलं तर दंड 1,000 पौंडांपर्यंत जातो.

नियमाचा गाभा सोपा आहे. उघड्या शेकोटीत लाकूड जाळता येत नाही, अगदी खडखडीत वाळलेलंसुद्धा नाही. तिथे चालतं ते फक्त मान्यताप्राप्त धूररहित इंधन, म्हणजे अँथ्रासाइट किंवा यादीतल्या कोळशाच्या विटा. लाकूड जाळायचं तर त्यासाठी सवलत मिळालेला स्टोव्हच हवा. बागेतलं बार्बेक्यू, उघड्यावरची पिझ्झाची भट्टी यांना हा नियम लागत नाही. मात्र बागेतल्या खोलीच्या छपरातून धुराडं काढलं की लागतो. होळी पेटवण्याचा प्रश्न वेगळ्या कायद्यात येतो. तिथे शेजाऱ्यांना उपद्रव झाला का, हे पाहिलं जातं.

धूर म्हणजे न जळलेलं जळण

पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबू. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग लाकडाचे घटक फुटून वायू बाहेर पडतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग असा वायुरूपानेच जळतो, उरलेला कोळसा निखारा होऊन जळतो. ज्वाला दिसते ती या वायूंची. त्यांना पेटायला सुमारे 600 अंश सेल्सिअसच्या पुढचं तापमान, पुरेशी हवा आणि पेटीत थोडा वेळ थांबायला जागा लागते. यातलं काहीही कमी पडलं की ते वायू न जळता धुराड्यात जातात. थोडे तिथेच थंड होऊन भिंतीवर डांबर आणि काजळी बनून बसतात, उरलेले बाहेर धूर होऊन दिसतात. गावाकडच्या चुलीत ओली फाटी घातल्यावर डोळ्यांतून पाणी काढणारा कडू धूर येतो, तो हाच.

पाण्याचा हिशोब पाहा. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 0.7 युनिट उष्णता लागते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. त्या लाकडाच्या किलोमागे जेमतेम दोन-सव्वादोन युनिट उष्णता हाती लागते. 20 टक्के ओलाव्याच्या लाकडातून चार युनिटांच्या थोडं वर मिळते. ओल्या लाकडाचं नुकसान एवढ्यावर थांबत नाही. वाफ आग थंड करते, तापमान 600 च्या खाली येतं आणि वायू पेटतच नाहीत.

चांगला स्टोव्ह या वायूंना पेटवण्यासाठी बनवलेला असतो. आतल्या भिंतींना वर्मिक्युलाइट नावाच्या हलक्या, उष्णता परत फेकणाऱ्या पाट्या असतात. वर आडवी बॅफल पाटी असते, तिच्यामुळे ज्वालेला वळसा घालून जावं लागतं. हवा तीन वाटांनी येते. जाळीखालून येणारी प्राथमिक हवा मुख्यतः कोळशासाठी आणि पेटवण्याच्या वेळी लागते. काचेवरून खाली उतरणारी दुय्यम हवा काच स्वच्छ ठेवते आणि ज्वालेला पुरते. मागच्या पाटीतल्या भोकांतून येणारी तिसरी हवा न जळलेल्या वायूंना ज्वालेच्या वरच्या भागात पेटवते. स्टोव्ह पाहायला गेलात की दार उघडून मागच्या पाटीतली ही भोकं बघा. सवलतीचे बहुतेक स्टोव्ह त्यांच्यावर अवलंबून असतात.

तीन लेबलं, तीन अर्थ

डेफ्रा म्हणजे ब्रिटनचं पर्यावरण खातं. डेफ्रा सवलत म्हणजे धूरबंदी भागात त्या ठरावीक मॉडेलमध्ये ठरावीक इंधन जाळायला कायद्याने दिलेली मुभा. चाचणीत धुराचं वजन मोजतात. मर्यादा ताशी 5 ग्रॅम, आणि उष्णतेच्या दर 0.3 किलोवॅटमागे आणखी 0.1 ग्रॅम. म्हणजे 5 किलोवॅटच्या स्टोव्हला ताशी साधारण 6.7 ग्रॅम. ही चाचणी मंद आचेवरही पास व्हावी लागते आणि तिथेच बरेच स्टोव्ह नापास होतात, कारण हवा बंद केली की धूर वाढतो. म्हणून सवलतीच्या अनेक स्टोव्हमध्ये दुय्यम हवेच्या दांडीला आतून एक छोटा स्क्रू किंवा अडसर असतो, तो हवा पूर्ण बंद होऊ देत नाही. काही कंपन्या हा अडसर वेगळा संच म्हणून देतात. तो बसवला नाही किंवा नंतर कोणी काढून टाकला, तर सवलत उरत नाही. दांडी पूर्ण का सरकत नाही म्हणून तो काढणारे लोक आहेत. तसं करू नका.

इकोडिझाइन हा विक्रीचा नियम आहे. 1 जानेवारी 2022 पासून नवे स्टोव्ह त्यात बसले तरच बाजारात आणता येतात. बंद दाराच्या स्टोव्हसाठी कणांची मर्यादा घनमीटरला 40 मिलिग्रॅम, कार्बन मोनॉक्साइडची 1,500 मिलिग्रॅम, नायट्रोजन ऑक्साइडची 200 मिलिग्रॅम, आणि हंगामी कार्यक्षमता निदान 65 टक्के. पण ही चाचणी वेगळ्या पद्धतीने, मुख्यतः पूर्ण आचेवर होते. त्यामुळे इकोडिझाइन असलेला स्टोव्ह धूरबंदी भागात चालेलच असं नाही, आणि जुना सवलतीचा स्टोव्ह इकोडिझाइनमध्ये बसेलच असंही नाही. नव्या खरेदीत दोन्ही हवेत.

क्लिअरस्काइज ही उद्योगाची स्वतःची श्रेणी आहे. तिथे 2 म्हणजे इकोडिझाइन, 3 आणि त्यावरच्या पातळ्या धूरबंदी भागालाही योग्य; आकडा जितका मोठा तितका स्टोव्ह स्वच्छ. दुकानात उभ्या उभ्या निवड करताना हा आकडा सोयीचा पडतो.

तरीही शेवटचा शब्द सरकारी यादीचा. तिथे कंपनीचं नाव आणि मॉडेलचं नाव अक्षरशः जुळवा. एकाच नावाच्या दोन मॉडेलांत एकाला सवलत आणि दुसऱ्याला नाही असं सर्रास असतं; फरक पुढच्या ‘एसई’सारख्या दोन अक्षरांचा असतो. यादीत इंधनही लिहिलेलं असतं. तिथे ‘लाकडाचे ओंडके’ लिहिलं असेल तर त्याच सवलतीवर नारळाच्या करवंट्या किंवा सुतारकामाचे तुकडे जाळता येत नाहीत. वापराच्या पुस्तिकेचा क्रमांकही तिथे असतो, कारण सवलत त्या पुस्तिकेप्रमाणे वापरलं तरच लागू असते. जुना स्टोव्ह घेत असाल तर मागची किंवा खालची धातूची पाटी पाहून नाव-क्रमांक टिपून घ्या. पाटी नसेल तर तो व्यवहार सोडून द्या.

केवढा घ्यायचा

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि नेमक्या एकाच दिशेने होतात. थंडीच्या धास्तीने माणूस मोठा स्टोव्ह घेतो. मग खोली भट्टी होते, म्हणून हवा दाबून तो मंद ठेवला जातो. मंद आग म्हणजे थंड आग, आणि थंड आग म्हणजे धूर. पाठोपाठ काच काळी होते, धुराड्यात डांबर बसतं आणि शेवटी शेजारी तक्रार करतो. मोठा स्टोव्ह मंद चालवण्यापेक्षा छोटा स्टोव्ह पूर्ण ज्वालेवर चालवलेला नेहमीच स्वच्छ.

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणा. घर साधारण उबदार असेल तर त्या घनमीटरांना 14 ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. जुन्या, फटींतून वारा शिरणाऱ्या घराला 10 ने, तर नव्या, चांगल्या वेष्टित (भिंती-छताला ऊब धरणारं आवरण असलेल्या) घराला 25 ने भागा. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, 2.4 मीटर उंच खोली म्हणजे 48 घनमीटर. 14 ने भागलं की 3.4 किलोवॅट. म्हणजे चार किलोवॅटचा पुरतो, पाचचा भरपूर झाला. दुकानदार सातचा दाखवू लागला तर हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

पाचच्या आत राहण्याचा आणखी एक फायदा आहे. जुन्या, फटी असलेल्या घरात पाच किलोवॅटपर्यंतच्या स्टोव्हला भिंतीत कायमचा झरोका सहसा लागत नाही. त्यापुढच्या प्रत्येक किलोवॅटला 550 चौरस मिलिमीटर उघडा झरोका लागतो. आठ किलोवॅटला तीन गुणिले 550, म्हणजे 1,650. नव्या हवाबंद घरात मात्र पहिल्या किलोवॅटपासूनच हा हिशोब सुरू होतो, पाच किलोवॅटला 2,750 चौरस मिलिमीटर. अशा घरात बाहेरची हवा नळीने थेट पेटीत घेणारं मॉडेल बघावं. थंडी वाजते म्हणून झरोक्यात बोळा कोंबणं जिवावर बेतू शकतं.

जळणाचाही अंदाज घ्या. पाच किलोवॅटचा, साधारण 78 टक्के कार्यक्षमतेचा स्टोव्ह ताशी सुमारे दीड किलो लाकूड खातो. रोज चार तास, हिवाळ्यात शंभर संध्याकाळी म्हटलं तर सहाशे किलोंच्या वर. तेवढं लाकूड कोरडं ठेवायला जागा आहे का, हे स्टोव्हच्या आधी बघा.

धुराड्याची ओढ

स्टोव्ह स्वतः काही ओढत नाही, ओढतं ते धुराडं. आतली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि पेटीत नवी हवा खेचते. प्रयोगशाळेत लाकडाच्या स्टोव्हची चाचणी साधारण 12 पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं एकक) ओढीवर होते. तुमच्या घरात ओढ त्याच्या निम्मी असेल तर कागदावरचे आकडे कागदावरच राहतील.

स्टोव्हच्या माथ्यापासून धुराड्याच्या टोकापर्यंत निदान साडेचार मीटर उंची असावी. वळणं उभ्या रेषेपासून 45 अंशांपेक्षा जास्त नसावीत. स्टोव्हच्या मागून आडवा पाइप काढायचा झाला तर तो 150 मिलिमीटरपेक्षा लांब नसावा. टोक छपराच्या आढ्याजवळ असेल तर आढ्याच्या वर निदान 600 मिलिमीटर जावं. एकमजली घराच्या बुटक्या धुराड्याला आणि बाहेरच्या थंड भिंतीतल्या धुराड्याला ओढ कमी असते. तिथे आतून वेष्टित पाइपच लागतो.

जुन्या घराचं विटांचं धुराडं उघड्या शेकोटीसाठी बांधलेलं, रुंद आणि थंड असतं. शंभर वर्षांत सांध्यांतला चुना झडलेला असतो आणि वरच्या मजल्याच्या झोपायच्या खोलीत वायू झिरपू शकतो. म्हणून त्यात स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडतात. तिला लायनर म्हणतात. नळी 150 मिलिमीटर व्यासाची असते. स्वच्छ हवा कायद्याच्या अटी पाळणाऱ्या 20 किलोवॅटपर्यंतच्या बंद स्टोव्हला 125 मिलिमीटर चालते, पण स्टोव्हच्या पुस्तिकेत तशी परवानगी आहे का हे पाहायला हवं. नळी दोन प्रतीत येते, 316 आणि 904. फक्त लाकूड जाळणार असाल तर 316 पुरते. धूररहित कोळसाही जाळणार असाल तर 904 घ्या, कारण कोळशातलं गंधक ओलाव्याशी मिळून आम्ल बनतं आणि साध्या नळीला भोकं पाडतं. याच कारणासाठी कोळसा आणि लाकूड एकाच वेळी जाळू नये. कोळशाचं गंधक आणि लाकडाचं पाणी, दोन्ही एकत्र आल्यावर आम्लाला आणखी काही लागत नाही.

आता आपल्या घरांतली खास अडचण. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर एकत्र असलेल्या घरात फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट पंखा पूर्ण वेगाने लागतो. तो खोलीतली हवा इतक्या जोरात बाहेर फेकतो की भरपाईची हवा धुराड्यातून उलटी खाली येऊ शकते, आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. म्हणून स्टोव्ह बसवणाऱ्याला धुराची चाचणी सगळी दारं-खिडक्या बंद ठेवून आणि पंखा पूर्ण वेगात चालू ठेवून करायला सांगा. एकाच मोकळ्या जागेत चूल, पंखा आणि स्टोव्ह असतील आणि चाचणीत धूर खोलीत आला, तर झरोका वाढवावा लागेल किंवा स्टोव्हचा बेत सोडावा लागेल. मधला मार्ग नाही.

बसवणं आणि कागद

इंग्लंडमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवणं हे इमारत नियमांखाली येणारं काम आहे. हेटाससारख्या संस्थेत नोंदणी असलेला माणूस काम करतो तेव्हा तो स्वतः प्रमाणपत्र देतो. नोंदणी नसलेल्याकडून करून घ्यायचं तर कामाआधी कौन्सिलच्या इमारत विभागाला कळवून तपासणी करून घ्यावी लागते. हे प्रमाणपत्र नसेल तर घर विकताना खरेदीदाराचा वकील अडतो आणि आग लागल्यास विमा कंपनी बोट ठेवते. भाड्याच्या घरात मालकाची लेखी परवानगी, लीजहोल्डच्या फ्लॅटमध्ये मुख्य मालकाची. संवर्धन क्षेत्रात किंवा वारसा इमारतीत बाहेरून नवं धुराडं काढायचं असेल तर आधी नियोजन विभागाला विचारा.

बसवणारा आला की काही मापं तुम्हीही बघून घ्या. स्टोव्हखालची फरशी न जळणाऱ्या वस्तूची हवी. स्टोव्ह खालच्या जागेला 100 अंशांच्या वर तापवत नसेल, आणि पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं, तर निदान 12 मिलिमीटर जाडीची दगडी फरशी किंवा पाटी पुरते. तापवत असेल तर 125 मिलिमीटर जाडीचा भरीव चौथरा लागतो. फरशी बंद दाराच्या स्टोव्हच्या पुढे निदान 225 आणि बाजूंना 150 मिलिमीटर यावी. खोलीत दिसणारा एकेरी (एकाच थराच्या पत्र्याचा) पाइप जळणाऱ्या वस्तूपासून आपल्या व्यासाच्या तिप्पट अंतरावर हवा, म्हणजे 150 चा पाइप असेल तर 450 मिलिमीटर. लाकडी फळी, पडदे, टीव्हीचं कपाट या मोजमापात हमखास अडतात.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. तो छतावर लावला तर भिंतीपासून निदान 300 मिलिमीटर दूर. भिंतीवर लावला तर दार-खिडक्यांच्या वर, पण छतापासून 150 मिलिमीटर खाली. स्टोव्हपासून आडवं अंतर एक ते तीन मीटर. या वायूला वास नसतो, रंग नसतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी अशी लक्षणं घरातल्या सगळ्यांना एकदम जाणवली तर ताप आलाय असं समजून झोपू नका. दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि मग मदत बोलवा.

लाकूड विकत घेताना

मे 2021 पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर त्यात 20 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा आणि पिशवीवर ‘रेडी टु बर्न’ हे चिन्ह असावं. दोन घनमीटर आणि त्यावरचा माल ओला विकता येतो, फक्त तो कसा वाळवायचा याची माहिती सोबत द्यावी लागते. ट्रकभर लाकूड स्वस्तात देतो म्हणणाऱ्याचं गणित इथे असतं. ते लाकूड यंदा जाळण्याजोगं नसतं. ओकला निदान दोन वर्षं लागतात, ॲशसारखं लाकूड त्याहून लवकर वाळतं.

ओलावा मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं, पण त्याच्या टोच्या ओंडक्याच्या बाहेरून लावल्या की आकडा खोटा कमी येतो. ओंडका फोडा आणि ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर, रेषांच्या दिशेने टोचून वाचा. आणखी एक गोम आहे. बाजारातली बरीच यंत्रं पाणी कोरड्या लाकडाच्या प्रमाणात दाखवतात, तर कायद्याचे 20 टक्के एकूण वजनाच्या प्रमाणात आहेत. एक किलोच्या ओंडक्यात 200 ग्रॅम पाणी असेल तर कायद्याच्या भाषेत ते 20 टक्के. पण 800 ग्रॅम कोरड्या लाकडाच्या हिशोबाने तेच 25 टक्के. आपलं यंत्र कोणतं आहे, हे त्याच्या पुस्तिकेत पाहून ठेवा.

घरी आणलेलं लाकूड जमिनीपासून वर, माथ्यावर छप्पर आणि बाजू उघड्या अशा ठिकाणी रचा. प्लास्टिकने पूर्ण गुंडाळलं तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. भट्टीत वाळवलेलं लाकूडसुद्धा ब्रिटिश पावसात भिजत पडलं की पुन्हा ओलं होतं. दाबून केलेल्या लाकडी विटा 10 टक्क्यांहून कोरड्या असतात. त्या जास्त तापतात, म्हणून ओंडक्यांपेक्षा कमी घाला.

रंगवलेलं, व्हार्निश केलेलं, एमडीएफ, प्लायवूड, जुन्या कुंपणाच्या फळ्या यांतलं काहीही आत टाकू नये. समुद्रकिनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूडही नको, त्यातलं मीठ नळी खातं.

धूर न करता पेटवणं

आपल्याला चूल पेटवायची सवय खालून: खाली कागद आणि काटक्या, वर लाकूड. इथे उलटं करा. तळाला दोन फोडलेले ओंडके, मुठीपेक्षा थोडे जाड, मध्ये बोटभर फट ठेवून. त्यांच्यावर आठ-दहा बारीक काड्या आडव्या-उभ्या रचून. सगळ्यांत वर पेटवणीची एक वडी. सगळ्या हवा पूर्ण उघड्या. आग वरून खाली उतरते, त्यामुळे खालच्या लाकडातून निघणारे वायू वरच्या ज्वालेतूनच जातात आणि जळून जातात. खालून पेटवलं की थंड ओंडके वर असतात आणि सुरुवातीची पंधरा मिनिटं धूरच धूर होतो. धुराडं फार थंड असेल तर आधी पेटीच्या वरच्या भागात एक कागदाचा बोळा जाळून आतली हवा गरम करून घ्या.

आग नीट लागली की प्राथमिक हवा बंद करून दुय्यम हवेवर चालवा. पुढचं लाकूड ज्वाला बसून निखारे लाल राहतील तेव्हा घाला. दार एकदम उघडलं तर धूर आणि कण खोलीत येतात, म्हणून आधी एक मिनिट हवा वाढवा, मग दार फटीइतकं उघडा, थोडं थांबा, मग पूर्ण. एका वेळी एक किंवा दोन ओंडके, प्रत्येकी किलोच्या आत. ते ज्वालेने धरेपर्यंत हवा उघडीच ठेवा, नंतर हळूहळू कमी करा. पाइपवर लावायचा तापमापक घेतला तर अंदाज लवकर येतो. एकेरी पाइपच्या बाहेरच्या बाजूला साधारण 120 ते 240 अंशांच्या मध्ये काटा असावा. त्याखाली डांबर बसतं, त्यावर पेटी आणि नळी खराब होते.

रात्रभर टिकावं म्हणून पेटी ठासून भरून हवा दाबून ठेवायची नाही. लाकडाच्या स्टोव्हमध्ये ही सर्वांत घाणेरडी वापरपद्धत आहे, आणि धुराड्यात आग लागण्याचं मोठं कारण तिथे साचलेलं डांबर हेच असतं.

अधूनमधून बाहेर जाऊन धुराड्याकडे बघा. पेटवल्यानंतर वीसेक मिनिटांनी काहीच दिसायला नको, फार तर गारठ्यात थोडी पांढरी वाफ. राखाडी किंवा निळसर धूर दिसला तर हवा कमी आहे किंवा लाकूड ओलं आहे. काच दोन तासांत काळी झाली तरी अर्थ तोच. फक्त एका कोपऱ्यात काळी होत असेल तर दाराच्या कडेची, हवा अडवणारी दोरी तपासा. दारात कागदाची पट्टी धरून ते बंद करा आणि पट्टी ओढा. सहज निसटली की तिथे दोरी सैल झाली आहे आणि नको तिथून हवा शिरते. दोरी बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. जाडी पुस्तिकेत दिलेली असते.

लाकूड जाळताना तळाला दोन-तीन सेंटिमीटर राख राहू द्या, निखारे तिच्यावर छान टिकतात. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घराबाहेर, निदान एक पूर्ण दिवस. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा तग धरून असतो, आणि प्लास्टिकच्या कचरापेटीत ती टाकल्याने आगी लागतात. धुराडं वर्षातून निदान एकदा, नियमित लाकूड जाळत असाल तर हिवाळ्याआधी आणि हिवाळ्यात एकदा झाडून घ्या, आणि झाडणाऱ्याकडून प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

घ्यावाच का

घरात दमा किंवा हृदयाचा आजार असलेलं माणूस असेल, तान्हं बाळ असेल, आणि घराला गॅसचं मध्यवर्ती हीटिंग किंवा हीट पंप आधीच असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: स्टोव्ह बसवू नका. सर्वांत स्वच्छ लाकडी स्टोव्हसुद्धा तेवढ्याच उष्णतेमागे गॅसच्या बॉयलरपेक्षा शेकडो पट जास्त बारीक कण सोडतो. थोडे दार उघडताना खोलीत येतात, बाकीचे गल्लीत. सवलत आहे म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही. ज्यांच्याकडे गॅसची लाइन नाही, वीज जाते तेव्हा दुसरी ऊब नाही, किंवा जुन्या उघड्या शेकोटीत आज काहीही जाळलं जातं, त्यांच्यासाठी छोटा, सवलतीचा, कोरड्या लाकडावर चालणारा स्टोव्ह ही खरी सुधारणा आहे. बाकीच्यांनी त्याच पैशांत आधी छताचं वेष्टन करून आणि खिडक्यांच्या फटी बुजवून घ्याव्यात. त्यानंतरही स्टोव्ह हवा वाटला तर वरचा 14 चा हिशोब पुन्हा करावा, कारण वेष्टन झालेल्या खोलीला आता आणखी छोटा पुरेल.